मुली रडल्या, पण पुढचं प्रकरण कोणी मागितलं नाही

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला मराठी शिकवते. नववीतल्या मुलीवर किशोर कादंबरी लिहायला घेतली आहे. नायिकेचं नाव पल्लवी. वडिलांनी कर्जापायी आत्महत्या केलेली, आई मजुरीला जाते, मोठे बाबा (थोरले काका) तिचं लग्न उरकायच्या मागे लागलेले, शाळेत फी आणि हजेरीवरून बोलणी खावी लागतात, बसस्टॉपवर एक मुलगा त्रास देतो. सहा प्रकरणं झाली. वर्गातल्या मुलींना वाचून दाखवली तेव्हा दोघी-तिघी रडल्या, पण पुढे काय होतं असं एकीनंही विचारलं नाही. कुठे अडतंय? संवाद वऱ्हाडीत ठेवू की नको? आणि शेवटी ती जिंकायला हवी का?

उत्तर : मॅडम, सहाही प्रकरणं वाचली. भाषेवर तुमचा हात बसलेला आहे आणि गाव खरं वाटतं. अडतंय ते पल्लवीपाशीच.

वाचताना मी समासात दोन याद्या करत गेलो. पल्लवीवर काय-काय येतं, ही एक. वडील जातात, सायकल विकली जाते, सर वर्गात उभं करतात, मोठे बाबा पाहुणे घेऊन येतात, तो मुलगा पाठलाग करतो. पल्लवी काय करते, ही दुसरी. ती रडते, आभाळाकडे पाहते, वहीत कविता लिहिते. बस. सहा प्रकरणांत जे काही घडतं ते दुसरे घडवतात आणि ही सोसते. सोसणाऱ्या माणसाबद्दल हळहळ वाटते, पण हळहळ वाटून झाली की वाचणारी मुलगी उठून पाणी प्यायला जाते. पुढचं ऐकायची घाई तिला कधी होते? नायिकेनं स्वतः काहीतरी करून ठेवलंय आणि ते तिच्याच अंगाशी येतंय की काय, अशी धाकधूक लागते तेव्हा.

यावर तुम्ही म्हणाल, चौदा वर्षांची, बाप नसलेली पोर करून करून काय करणार? थोडंच, पण ते थोडं नीट पाहिलं तर त्यात अख्खी कादंबरी आहे. ती खोटं बोलू शकते. वेळ मारून नेऊ शकते. आजीला आपल्या बाजूला वळवू शकते, मैत्रिणीशी संगनमत करू शकते. आणि एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या सहा प्रकरणांत असूनही तुम्ही वापरलेली नाही: त्या घरात कागद वाचता येणारी ती एकटीच आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणात तहसीलमधून पत्र येतं आणि पोस्टमन ते आईच्या हातात देतो. आई रडते, पल्लवी रडते, प्रकरण संपतं. आता हेच पाहा. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, २००६ पासून ही रचना आहे. त्यातले तीस हजार लगेच आणि सत्तर हजार ठेव म्हणून. पण त्याआधी प्रकरण जिल्हा समितीपुढे जातं आणि पात्र की अपात्र ते ठरतं. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचं-सोसायटीचं होतं की बिनपरवाना सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं त्यात पाहिलं जातं. पल्लवीच्या घरी सातबारा आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, नावावर आणि कर्ज गावातल्याच एकाकडून हातउसनं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे पत्रात ‘अपात्र’ येण्याची चांगलीच शक्यता. पत्र येतं तेव्हा आई वावरात गेलेली आहे आणि ते पल्लवीच्या हातात पडतं. ती वाचते, घडी घालते आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवते. संध्याकाळी आई विचारते, आज पोस्टमन आलता काय? ती म्हणते, नाई.

इथे मुली विचारतील, मग? कारण आता ती एका गोष्टीत गुंतली. आई त्या पैशांच्या भरवशावर आणखी उधारी करते आहे, किराणावाल्याला ‘पैसे आले का देतो’ म्हणते आहे, मोठ्या बाबांना थोपवून धरते आहे. पल्लवी गप्प. तिनं का लपवलं, आईला जपायला की तीस हजार येणार म्हणून तूर्त तिची शाळा चालू आहे म्हणून? दोन्ही. तिलाही नीट माहीत नाही. हे ‘दोन्ही’ सोडवू नका, कादंबरीभर तसंच राहू द्या. पुस्तक उघडताना वर्गात तो कागद खाली पडतो का, एवढ्यावरसुद्धा एक प्रकरण निघेल.

वडिलांच्या मृत्यूबद्दल एक सांगून टाकतो. पहिल्या प्रकरणातली तीन पानं काढा. कसं केलं, कशानं केलं, घरात कुठे सापडले, याचं वर्णन किशोर वाचकासाठी लिहायचं नसतं. तुमच्या वर्गात अशा घरातली मुलगी बसलेली असू शकते, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. शिवाय ‘कर्ज, म्हणून आत्महत्या’ अशी सरळ रेघ ओढली की वाचणाऱ्या पोरांना तो एक मार्ग असल्यासारखा दिसतो. गोष्ट काही महिन्यांनंतर सुरू करा. वडील घरातल्या वस्तूंतून येऊ द्या: फवारणीचा पंप विकायचा की ठेवायचा यावरून होणारी धुसफूस, मोबाइलमध्ये अजून सेव्ह असलेला नंबर, वर्ष पुरं व्हायच्या आत सण करायचा नाही म्हणून अंगणात न बसलेली भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी जातात, गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. पल्लवीच्या घरासमोरून त्या आवाज हळू करून पुढे जातात. तुम्ही वर्णन केलेल्या अंत्ययात्रेपेक्षा हे जास्त लागेल.

आता घर आणि शाळा. तुमच्या खर्ड्यात एक प्रकरण घराचं, एक शाळेचं, अशी पाळी लावलेली दिसते. खेड्यातल्या मुलीच्या दिवसात हे असं वेगळं होत नाही. तिचा तोच एक दिवस दोघं ओढतात. शाळेचं वेळापत्रक आणि पिकाचं वेळापत्रक एकमेकांवर ठेवून पाहा. तुमची कादंबरी १५ जूनला, पहिल्या पावसात, नव्या दप्तरासह सुरू होते. हे चित्र पाठ्यपुस्तकातून आलंय. आपल्याकडे उन्हापायी शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते आणि नेमकी तेव्हाच पेरणीची धांदल असते. म्हणजे शाळेचा पहिला दिवस हाच पहिला पेच. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा आणि सोयाबीनची सोंगणी. दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत कापसाची वेचणी, त्यातच गॅदरिंग, आणि दहावीच्या पोरींची सराव परीक्षा. तुमचे सर ‘एवढ्या गैरहजेऱ्या का?’ असं ओरडतात ते महिना न सांगता. नोव्हेंबरचं हजेरीपत्रक त्यांच्यापुढे उघडून ठेवा. मुलींच्या नावांपुढे ‘गै’ची रांग आणि मुलांच्या नावांपुढे तुरळक, एवढं दाखवलं की समजावून सांगायला काही उरत नाही.

फीचं मात्र बदला. तुमची शाळा अनुदानित दाखवली आहे आणि तिथे मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. फीसाठी बाकावर उभं केलेली मुलगी जुन्या सिनेमातली वाटते. खरे अडकवणारे खर्च बारीक असतात: दहावीला बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म, गाइड, झेरॉक्स, सेतू केंद्रावर दाखल्याला लागणारे पैसे आणि तालुक्याला जायचा आईचा एक रोज. हा बुडालेला रोज कोणी मोजत नाही. दाखल्यासाठी दोनदा चकरा झाल्या की दोन दिवसांची मजुरी गेली, आणि तिसऱ्या वेळी आई म्हणते, राहू दे ते स्कॉलरशिप.

वेचणीचं एक दृश्य मी तुमच्या जागी असतो तर नक्की लिहिलं असतं. तुमच्याकडे वेचणीवर दीड पान आहे, त्यात पांढरंशुभ्र शिवार आणि बोटांना टोचणारी बोंडं आहेत. दोन्ही खरं, पण हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. आत काय होतं ते पाहा. मजुरी किलोवर. सकाळी दव असतं तोवर हात चालत नाहीत, मग उन्हं चढेपर्यंत बायका धुऱ्यावर बसून असतात. दिवसभर कमरेच्या ओटीत वेचायचं, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करायची, आणि सांजच्याला काट्यावर मोजणी. मालक किंवा त्याचा मुलगा वही घेऊन बसतो, नाव पुकारतो, आकडा लिहितो. आणि शाळा बुडवून आईसोबत गेलेल्या पोरीनं वेचलेला कापूस आईच्याच गाठोड्यात जातो. वहीत नाव आईचं. पोरगी दिवसभर तिथे होती हे वहीतून कळतच नाही. शाळेच्या हजेरीत ती नाही आणि मालकाच्या वहीतही नाही.

आता पल्लवीला गाइडला पैसे हवेत आणि आईजवळ मागायची सोय नाही, कारण मागितले तर पत्राचा विषय निघेल. त्या संध्याकाळी आईचं नाव पुकारल्यावर ती पुढे होते.

‘‘भाऊ, मायं वेगयं मोजा जी.’’

‘‘काऊन वं? मायलेकीची वाटनी झाली काय?’’

बायका हसतात. आई हसत नाही. ती गाठोड्याची गाठ सोडते, अंदाजानं निम्मा कापूस बाजूला काढते, मग त्यातला थोडा परत आपल्याकडे ओढते. काटा थांबतो. मालकाचा पोरगा विचारतो, नाव काय लिहू? आणि पल्लवीला स्वतःचं पूर्ण नाव सांगताना वडिलांचं नाव उच्चारावं लागतं, सगळ्यांसमोर, वर्षानंतर पहिल्यांदा.

यात कोणी कोणाला मारत नाही, शिव्या देत नाही. पण पल्लवीनं काहीतरी मागितलं, ते मिळालं आणि त्याची किंमत लगेच चुकती झाली. घरी जाताना आई दोन पावलं पुढे चालते. रात्री जेवायला वाढते, पण ‘घे अजून’ म्हणत नाही. कादंबरीत प्रत्येक दोन प्रकरणांमागे एकदा तरी असं व्हायला हवं, ती काहीतरी करते आणि त्याचे पडसाद घरातही उमटतात, शाळेतही. उमटणार नसतील तर ते तिनं केलेलं नाही, तुम्ही तिच्या हातून करवून घेतलंय असं समजा.

इथेच वऱ्हाडीचा प्रश्न येतो. संवाद बोलीतच ठेवा. तुमच्या खर्ड्यात आई ‘मला खूप वाईट वाटते गं’ म्हणते. ही बाई आपल्या गावची नाही. पण बोलीचा मसाला भुरभुरवू नका. प्रत्येक वाक्यात ‘लय’ आणि ‘बे’ टाकून वऱ्हाडी होत नाही, उलट विनोदी कार्यक्रमातल्यासारखं होतं. बोली व्याकरणात असते. मले, तुले, शाळेले. ‘कोन जाईन?’ ‘काय करून रायली?’ आणि मुलगी स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो, मी येतो’ म्हणते. पुण्याचा संपादक ते ‘जाते’ करून पाठवेल, तेव्हा पाय रोवून उभ्या राहा. निवेदन मात्र साध्या मराठीत असू द्या. दीडशे पानं बोलीत वाचणं नांदेड-कोल्हापूरच्या पोरीला जड जाईल, आणि खरं सांगायचं तर आपल्या पोरींनाही जातं, कारण त्यांना छापील बोली वाचायची सवयच आपण लावलेली नाही.

बोलीचा आणखी एक उपयोग आहे. पल्लवी घरी एक बोलते आणि तुमच्यासमोर, म्हणजे मॅडमसमोर, दुसरं बोलते. सरांपुढे ती ‘मी आले नव्हते सर’ असं जपून बोलते. ज्या दिवशी तिचा संयम सुटेल त्या दिवशी तिच्या तोंडून सरांपुढेच ‘मी नाई येनार’ निघू द्या. राग आला, आवाज चढला, डोळे लाल झाले, यातलं काहीच लिहावं लागणार नाही. आणि हो, तुमची एक पात्र, पल्लवीची मैत्रीण, बंजारा तांड्यावरची आहे. तिच्या घरी गोरमाटी बोलली जाते. ती पल्लवीसारखीच वऱ्हाडी कशी बोलेल? तिला शाळेची मराठी आणि गावची मराठी दोन्ही शिकाव्या लागल्यात. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात गोष्ट नेलीत तर झाडीबोली येईल, ती आणखी निराळी. तुम्ही यवतमाळातच राहा.

बसस्टॉपवरच्या मुलाचं प्रकरण मला सगळ्यांत कच्चं वाटलं. तो शिट्टी मारतो, चिठ्ठी टाकतो, पल्लवी घाबरते, शेवटी सर येऊन त्याला कानाखाली वाजवतात. टाळ्यांचं दृश्य आहे. पण पल्लवीनं हे तीन प्रकरणं कोणाला सांगितलं का नाही, याचं उत्तर तुमच्या खर्ड्यात ‘भीती वाटते म्हणून’ इतकंच आहे. कसली भीती? त्या पोराची नाही. घरी कळलं तर पोराचं काही होणार नाही, हिची शाळा बंद होईल, याची. वर्गातल्या कुठल्याही मुलीला विचारा, हिशोब तोंडपाठ असतो. ती गप्प राहते ती शाळा वाचवायला. म्हणजे तिचं गप्प बसणं हीसुद्धा कृती आहे, फक्त ती तशी दिसायला हवी. मग ती आणि तांड्यावरची मैत्रीण मिळून काय करतात? एक थांबा पुढे जाऊन चढतात. त्यासाठी पांदणीनं जावं लागतं, उशीर होतो, उशिरासाठी सर बोलतात, आणि खरं कारण सांगता येत नाही. बघा, बसस्टॉप, घर आणि शाळा तिन्ही एका धाग्यात आली आणि कानाखाली वाजवायची गरज उरली नाही.

यात एक गोष्ट कायद्याची आहे, ती चुकवू नका. लैंगिक हेतूनं केलेली छेडछाड किंवा पाठलाग असेल तरीसुद्धा पोक्सो लागू होतो, लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा कायदा. अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाल्याचं कळलेल्या माणसानं ते पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकानंही. ‘मी कोणाला सांगणार नाही, विश्वास ठेव’ म्हणणारी प्रेमळ मॅडम कादंबरीत गोड दिसते, पण ती गुन्हा करते आहे. वाचणाऱ्या मुलीला ते आदर्श म्हणून दाखवू नका.

मोठे बाबा. त्यांना तुम्ही मिशा, तंबाखू आणि खेकसणं दिलंय. एवढ्यानं माणूस होत नाही. भाऊ गेला, त्याच्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर गाव मलाच विचारेल, ही त्यांची बाजू मला तुमच्या लिखाणात सापडत नाही. स्थळ चांगलं आहे, पोरगा एमआयडीसीत लागलेला आहे, आंदण मागत नाहीत, आता फक्त साक्षगंध (साखरपुडा) करू, लग्न अठरा झाल्यावर. कायद्याच्या तावडीत न सापडणारं हे बोलणं किती बिनतोड वाटतं पाहा. आणि साक्षगंध झालं की महिन्याभरात तिकडून निरोप येतो, पोरीला उगाच बाहेर फिरवू नका. शाळा तिथेच सुटते, लग्न न होताच. हे दाखवा. त्यांचा मुद्दा इतका पटणारा लिहा की वाचताना पल्लवीची आईच नाही, वाचणारी मुलगीसुद्धा क्षणभर डगमगली पाहिजे. वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या नोंदीत, आईचं नाव चढवायला ते टाळाटाळ करतात हेही येऊ द्या, पण त्याचा अर्थ लावायचं काम वाचकाकडे सोडा.

बालविवाह रोखण्याचं दृश्य लिहायचा मोह तुम्हाला झालेला आहे, आठव्या प्रकरणाच्या टिपणात दिसतो: पल्लवी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करते, गाडी येते, लग्न थांबतं. फोन लागतो, यंत्रणा येते, हे खरं आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. पण कादंबरी दुसऱ्या दिवशी सुरू होते. ज्या घरानं जेवणावळीचा शिधा भरला होता त्याच घरात ती सकाळी उठते. चहा कोण देतं? फोन कोणी केला हे सगळ्यांना कळलेलं आहे आणि कोणी बोलत नाही. ग्रामसेवकाला त्याच गावात उद्या पाणीपट्टी वसूल करायची आहे. गाडी येण्याचं दृश्य चार ओळींत संपवा आणि त्या सकाळला पूर्ण प्रकरण द्या.

तुमच्या कादंबरीला साल नाही, हेही मला खटकलं. मी एक सुचवतो, पटलं तर घ्या: २०२१-२२. मग शाळेचा पहिला दिवस जूनऐवजी ऑक्टोबरात न्यावा लागेल. कोरोनात दीड वर्ष बहुतेक काळ बंद असलेले ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडायला परवानगी मिळाली. पोरी परत येऊ लागल्या आणि महिनाभरात एसटीचा संप लागला, तो एप्रिल २०२२ पर्यंत ताणला. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस, ज्यांच्या भरवशावर आजूबाजूच्या गावांतल्या पोरी हायस्कूलला येतात, आगारात उभ्या. हातात मोफत पास आहे आणि बस नाही. काळीपिवळीला रोजचे पैसे कोण देणार? आणि त्याच हंगामात कापूस कधी नव्हे तो क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. लांब धाग्याचा हमीभाव होता ६०२५. मालकांना घाई, वेचायला बाया मिळेनात. शाळेचा रस्ता बंद आणि वावराचा ऑटो सकाळीच दारात उभा. पल्लवीला शाळेतून काढायला कोणी खलनायक लागतच नाही. तुमच्या खर्ड्यात ती सात किलोमीटर पायी चालते, वाचताना मला सारखं वाटत होतं की निळी बस कुठे गेली. या सालात त्याचं उत्तर आपोआप मिळतं. आणि भाव चढलेला असताना वडील नाहीत, हे आई एकदाच बोलून दाखवेल. ‘या साली असते तं...’ एवढंच. वाक्य पुरं करू नका.

शाळेतल्या माणसांपैकी कडक सर चांगले उतरलेत, त्यांना हात लावू नका. मॅडम मात्र फार चांगल्या आहेत. त्या पल्लवीला पुस्तक देतात, डबा देतात, घरी जाऊन आईला समजावतात, कविता स्पर्धेला पाठवतात. त्या तुम्ही आहात हे कळतं, त्याचं काही नाही. पण त्या प्रत्येक वेळी पोचतात म्हणून पल्लवीला काही करावं लागत नाही. मॅडमची बदली करा. किंवा त्यांना तालुक्याहून अप-डाउन करायला लावा, संपात त्यांचीही बस बंद आहे, आठवड्यातून तीनच दिवस येतात. नववीत आरटीईचं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचं, छत्रही नसतं, तो कायदा चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंतच. आठवी ते नववी हीच ती फट, जिथून पोरी गळतात, कारण गावची शाळा सातवी-आठवीला संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावात. तिथे पल्लवी एकटी उभी राहायला हवी.

शेवटाबद्दल विचारलंत. ती कलेक्टर होऊ नये, एवढं माझं ठाम मत. दहावीला तालुक्यात पहिली येऊ नये. वर्तमानपत्रात फोटो छापून येऊ नये. असा शेवट वाचून ज्या मुलीला पंचावन्न टक्के मिळणार आहेत ती स्वतःला कादंबरीबाहेर समजते, आणि वर्गात तशाच जास्त असतात. मग काय? मला विचाराल तर तिची नववी बुडू द्या. वेचणी, संप, फेरफार, साक्षगंध टाळण्याची धडपड, एवढ्यात एखादं वर्ष बुडणं साहजिक आहे. पण सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे तिला कोणाकडून कळतं? मॅडमकडून कळू देऊ नका. तांड्यावरच्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीनं तसा भरला होता, तिच्याकडून. आणि तो फॉर्म भरायच्या आधी ते भूगोलाच्या पुस्तकातलं पत्र आईला वाचून दाखवायची वेळ तिच्यावर येऊ द्या. आई काय म्हणते ते मी सांगणार नाही, कारण तुमची आई माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक आहे. फक्त तिनं लगेच माफ करू नये आणि मिठीही मारू नये.

थोडं कामाचं. वीस-पंचवीस हजार शब्द पुरे आहेत, प्रकरणं लहान ठेवा, एका तासिकेत एक वाचून होईल इतकी. पूर्ण होण्याची वाट न पाहता वेचणीचं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून ‘किशोर’ला पाठवून पाहा; बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि खेड्यातल्या शाळांपर्यंत पोचतं. वर्गातल्या कुठल्याही एका मुलीची हकिकत जशीच्या तशी घेऊ नका, नाव बदललं तरी गावात ओळखलं जातंच. दोन-तीन जणींचं मिसळा, गावाची दिशा बदला, भावंडांची संख्या बदला. पुन्हा वाचून दाखवाल तेव्हा कोण रडतं ते पाहू नका, मध्येच कोण काय विचारतं ते लिहून ठेवा. ‘पत्र सापडलं काय आईले?’ असं कोणी विचारलं की सातवं प्रकरण तिथूनच सुरू करा. आणि दुसऱ्या प्रकरणातली ती कविता काढून टाका. नववीतली पोरगी ‘वेदनेचा सागर’ असं लिहीत नाही, ती मैत्रिणीच्या वहीच्या मागच्या पानावर बसचे नंबर आणि नावांची आद्याक्षरं लिहिते.